चपटं, गोल, पुन्हा चपटं

टोपी शिवणाऱ्याच्या नशिबी दोन उलटसुलट कामं असतात. आधी सपाट कापडाची गोल टोपी करायची आणि ती झाली की त्या गोल टोपीचा सपाट फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचा. पहिलं काम एका दुपारीत उरकतं. दुसऱ्याला खिडकी, पातेलं, फुगा, पांढरं कार्डशीट आणि घरातल्या एखाद्याचं डोकं एवढं सगळं लागतं, आणि एवढं करून ग्रुपवर पहिला प्रतिसाद येतो, "छान! पिशवी का?"

उशीच्या अभ्र्याच्या वाट्याला हे येत नाही. अभ्रा जन्मतः चपटा, फोटोतही चपटा. भरतकामवाले, क्विल्टवाले, रांगोळीवाले वरून फोटो काढून मोकळे होतात. मला त्यांचा हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही.

आता आधी शिवणाचं बोलू, कारण फोटोत दिसणारं निम्मं पाप मशीनवरच झालेलं असतं. उन्हाची साधी टोपी घ्या, हल्ली जिला बकेट हॅट म्हणतात ती. भाग तीनच : माथ्याचा गोल, बाजूची पट्टी आणि खालची झालर. माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो फुगीर भाग असतो त्यावरून न्यायचा. माप ५७ सेंटीमीटर आलं तर एक सेंटीमीटर ढील धरून ५८. पट्टी ६० लांब आणि ११ रुंद, म्हणजे चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर शिवणीत जाईल. माथ्याच्या गोलासाठी ५८ भागिले ६.२८, त्रिज्या ९.२. त्यात शिवणीचा एक मिळवा, १०.२ सेंटीमीटर त्रिज्येचा गोल कापा. सुती कापड कापण्याआधी धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात चार टक्के सहज आटतं. ५८चे चार टक्के म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर. तेवढ्यात टोपी डोक्यावर बसायची ती डोक्यावर ठेवल्यासारखी होते.

इथपर्यंत कुणाचंच काही चुकत नाही. चुकतं ते पट्टी गोलाला जोडताना, आणि शिवणारा बिचारा स्वतःच्या हाताला दोष देतो. दोष भूमितीचा आहे. शिवणीच्या रेषेवर दोन्हींचा घेर ५८च आहे. पण गोलाच्या कापलेल्या कडेचा घेर आहे ६४, आणि पट्टी सरळ असल्यामुळे तिची कड ५८वरच थांबलेली. हा सहा सेंटीमीटरचा फरक कुठे तरी जाणारच, आणि तो चुणी होऊन नेमका कपाळावर, म्हणजे फोटोच्या मधोमध जातो. उपाय असा : पट्टीच्या वरच्या कडेला, काठापासून ९ मिलिमीटरवर एक साधी टीप मारून घ्या. मग दर दीड सेंटीमीटरला त्या टिपेच्या अलीकडेपर्यंत कात्रीने चिरा द्या. चिरा उघडतात, पट्टीची कड पसरते, भांडण मिटतं. पट्टीची उभी शिवण आधी घालून तिचं कडं करा, मग दोन्हींवर आठ-आठ खुणा करा, सव्वासात सेंटीमीटरला एक, आणि खुणेला खूण टाचून शिवा. चिरा दिलेली पट्टी वर, गोल खाली. उलटं ठेवलंत तर चिरा सुईखाली दिसत नाहीत आणि एखादी दुमडून शिवली जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते.

झालर हे दुसरं प्रकरण. आतली त्रिज्या तीच ९.२ ठेवून पूर्ण गोल कापला तर झालर आडवी उभी राहते, ऊन तिरकं आलं की नाकावर येतं. खाली झुकती हवी असेल तर आतली त्रिज्या ११.१ घ्या आणि पूर्ण गोलाऐवजी ३०० अंशांचाच तुकडा वापरा. आतली कड पुन्हा ५८च भरते, पण ६० अंशांची फोड गेल्यामुळे झालर उतरती होते. रुंदी साडेसहा पुरे. शिवणीसाठी आतून एक, बाहेरून एक आणि दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर जास्त ठेवायला विसरू नका. आतून पेस्टिंग, म्हणजे झालर ताठ करणारं चिकट अस्तर, लावताना इस्त्री घासायची नाही, दाबून दहा-बारा सेकंद धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की बुडबुडे धरतात, आणि बुडबुडे खिडकीच्या उजेडात सावली पाडतात. नंतर झालरीवर ६ मिलिमीटर अंतराने गोल गोल टिपा, टाका ३ मिलिमीटरचा. नजर सुईवर ठेवली तर ओळ वाकडी जाते, ती दाबपट्टीच्या कडेवर ठेवायची.

टोपी झाली. आता दुसरा अंक.

रिकामी टोपी टेबलावर ठेवली की ती बसते, म्हणजे खचते. तिला आत काहीतरी हवं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबू नका, शाई अस्तराला लागते. माझ्या मते स्वयंपाकघरातलं १८ सेंटीमीटर व्यासाचं पातेलं उत्तम, घेर साडेछप्पन्न, जणू टोपीसाठीच घडवलेलं. ते उपडं घालून त्यावर ओढणी गुंडाळायची, नाहीतर माथा अगदी सपाट दिसतो आणि स्टीलचा काठ झालरीखालून चमकतो. फुगाही चालतो : टेपने मोजत ५६पर्यंत फुगवा, गाठ खाली करून वाटीत बसवा. तो हलका असल्यामुळे झालर दबत नाही. टाचण्या मात्र आधी मोजून काढा. माणसाचं डोकं सर्वांत चांगलं, पण डोक्याला चेहरा असतो आणि चेहऱ्याला मत असतं. फोटो टोपीचा आहे हे घरातला पुरुष शेवटपर्यंत मान्य करत नाही, तो पोट आत घेऊन उभा राहतो.

फोन कुठे धरायचा? वरून धरलात तर टोपी म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. अगदी समोरून, झालरीच्या पातळीवर धरलात तर झालरीची एक रेघ आणि वर एक ढिगारा. टोपी किंचित वळवून, झालरीपेक्षा थोडं वरून, माथ्याचा काठ आणि झालरीची वरची बाजू दोन्ही दिसतील असा कोन धरायचा. आणि जवळ जायचं नाही. लोक प्रेमाने जवळ जातात. झालरीसकट टोपीचा व्यास सुमारे ३० सेंटीमीटर. फोन झालरीपासून ४० सेंटीमीटरवर असेल तर पलीकडची कड ७० सेंटीमीटरवर पडते, म्हणजे अलीकडची कड पलीकडचीपेक्षा पावणेदोन पट मोठी दिसणार. टोपीला अशी चोच फुटते. दोन मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम करा, फरक जेमतेम १५ टक्के उरतो. घर लहान असेल तर दारातून, जिन्यातून, गॅलरीतून काढा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद. त्याला टोपीची कड कळत नाही, तो झालरीचा तुकडा आणि गोंड्याचे धागे सरळ गिळतो.

उजेड एकाच जातीचा हवा. खिडकीतला दिवसाचा उजेड निळसर, घरातला पिवळा दिवा पिवळाच, आणि दोन्ही चालू असले की टोपीची एक बाजू हळदीला बसल्यासारखी. दिवे बंद. खिडकी समोर नको, पाठीशी नको, बाजूला हवी. तिरक्या उजेडात टीप उठून दिसते (तुमची टीप सरळ असेल तर हे फायद्याचं आहे). पलीकडच्या अंधाऱ्या बाजूला पांढरं कार्डशीट उभं करा.

रंगाचं दुःख निराळं. खणाच्या कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कोन बदलला की रंग बदलतो. हिरवा-लाल खण पहिल्या फोटोत हिरवा, दुसऱ्यात तपकिरी. अशा टोपीचे निदान दोन फोटो पाठवावेत, नाहीतर "मला तोच हिरवा हवा" अशी मागणी येते. बारीक चौकड्यांवर तर कापडात नसलेले तरंग फोटोत उमटतात, कारण कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींत अडकतात. अर्धा मीटर मागेपुढे व्हा किंवा कोन बदला, तरंग जातात.

पांढरी गांधी टोपी फोटोत राखाडी येते, ती नीळ कमी पडल्यामुळे नव्हे. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम राखाडीवर आणायला बघतो. पांढरं दिसलं की तो अंधार करतो, काळं दिसलं की उजेड करतो. स्क्रीनवर टोपीवर बोट टेकवायचं आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह पांढऱ्यासाठी थोडं वर, काळ्यासाठी थोडं खाली सरकवायचं. शिवाय गांधी टोपी घडी घालून ठेवली की मुळातच चपटी. तिचं तोंड उघडून आत पुठ्ठ्याची पट्टी वळवून घातली नाही तर फोटोत ती पाकिटासारखी दिसते.

या सगळ्या संकटांचं संमेलन बघायचं असेल तर बोरन्हाणाचा फोटो काढा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा हंगाम. बाळाला काळ्या मखमलीचं टोपडं किंवा कुंची, वर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. कापडांत काळी मखमल सर्वांत हट्टी. तिची लव एकीकडे झुकलेली असते. कापड उलटं फिरवून एखादा भाग कापला तर तो भाग काळा आणि शेजारचा करडा दिसतो, शिवताना कळत नाही, फोटोत डबल दिसतं. हात फिरवून लवेची दिशा बघा आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढा. लव खालून वर गेली तर काळा रंग जास्त गहिरा येतो. पण टोपड्याची मधली पट्टी कपाळावरून मानेपर्यंत जाते, तेव्हा लव पुढे वर चढली की मागे उतरणारच. कपाळाकडची बाजू सांभाळा, मान फोटोत येत नाही. मखमल मशीनखाली सरकते, म्हणून आधी हाताने धावदोरा घाला, मगच टीप. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून आणि न दाबता.

मग हलवा. हलव्याची सगळी प्रतिष्ठा त्याच्या काट्यात. मंद आचेवर, तास न् तास पाक चमच्याचमच्याने घालत आणलेला तो काटा कॅमेरा एका क्षणात पुसून टाकतो, कारण काळी मखमल बघून तो उजेड वाढवतो आणि हलवा नुसते पांढरे गोळे होतो. फ्लॅश लावला तर मखमल तो पिऊन टाकते आणि हलवा परत फेकतो. म्हणून फ्लॅश बंद, बोट हलव्यावर टेकवा, सूर्य खाली ओढा, आणि बाळाला खिडकीच्या बाजूला बसवा. उजेड आडवा आला की एकेका काट्याला सावली मिळते. मखमलीवर पडलेली साखरेची पूड हाताने झटकलीत तर पसरते. सेलोटेप चिकट बाजू बाहेर ठेवून बोटांना गुंडाळा आणि टिपून घ्या.

फोटो बोरं ओतायच्या आधी काढायचा. हे लोकांना पटत नाही, त्यांना बोरं पडतानाचाच फोटो हवा असतो. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या डोक्यावरून आल्या की टोपडं डोळ्यांवर येतं, गळ्यातला हार तोंडात जातो, आणि हलवा चिकट होऊन मखमलीला लागतो. मी आधी वीसेक फोटो काढून ठेवावेत अशा मताची आहे. नंतरचे फोटो आजोबांच्या पायांचे येतात.

पाठवताना शेवटची माती खाल्ली जाते. व्हॉट्सॲप नेहमीच्या पाठवणीत फोटो चांगलाच आकसतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते, आणि हलव्याचा वाचलेला काटा तिथे जातो. वरचं एचडी बटण दाबा. मूळ फोटो जसाच्या तसा हवा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण तेव्हा फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करा. मोठ्या ग्रुपवर बाळाचा चेहरा न पाठवता टोपडं पातेल्यावर चढवून पाठवलं तरी चालतं. कौतुकात फरक पडत नाही.

कौतुकानंतर येतं, "माप पाठवा ना." इथे वाटतं, कागदावरचा नमुना सपाट, फोटो सपाट, आता काय बिघडणार? कागदाचा फोटो तिरका निघतो. लांबची कड आखूड येते आणि गोलाचा अंडाकृती होतो. म्हणून कागद भिंतीला चिकटवा, फोन त्याच्या मध्याच्या उंचीवर समांतर धरा, आणि कागदावर १० सेंटीमीटरचा एक चौकोन काढून ठेवा. समोरच्याने छापून झाल्यावर आधी तो चौकोन मोजायचा. चौकोन ९.६ भरला तर छापताना सगळं चार टक्क्यांनी लहान झालेलं असतं, आणि ५८ची टोपी साडेपंचावन्नच्या आसपास येते. चौकोन बरोबर १० भरेल इतकं छपाईचं माप वाढवून पुन्हा छापायचं.

चौकोन कुणीच मोजत नाही. आठवड्याने निरोप येतो, "टोपी सुंदर झाली, फक्त कपाळाला रुततेय, मागून रबर घातलं तर चालेल का?" रबराने टोपी आणखी आवळते, सैल होत नाही. पट्टीची उभी शिवण उसवून सव्वादोन सेंटीमीटरचा तुकडा घालावा म्हटलं, तर वरचा गोल आणि खालची झालर जुन्याच मापाची राहते. मी एवढंच कळवते की घरात साडेचोपन्नचं डोकं कुणाचं आहे ते आधी मोजून बघा.