कानाच्या पाळीला क्लिप लावून पोट उतरत नाही

कानाच्या पाळीला विजेची क्लिप आणि पोटाला विजेचा पट्टा लावून वजन उतरवा, असं एक लेख सांगतो. ‘व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) चेतवा, चरबी वितळवा’ हा त्यातला दावा उलटा आहे. चरबीच्या पेशींना मेद सोडायला लावतं ते सिंपथेटिक (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) नसांतलं रसायन, नॉरअॅड्रेनलिन. व्हेगस पोट भरल्याची खबर मेंदूला देते. अमेरिकेत २०१५ साली वजनासाठी मंजुरी मिळाली तीही व्हेगस अडवणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राला! शिवाय व्हेगसची शाखा कानाच्या वरच्या खोलगट भागात असते, पाळीत नव्हे. चाचण्यांत पाळीवरची क्लिप खोटा (तुलनेसाठीचा, परिणाम न करणारा) उपचार म्हणून वापरतात.

पोटाचा पट्टा फक्त स्नायू आवळतो. आपल्या गोव्याच्या दमट हवेत घामाने पॅडच्या कडा सुटतात, उरलेल्या जागेत करंट एकवटतो, कातडी भाजते. पेसमेकरवाल्यांनी हात लावू नये.