दिल्लीतील अमेरिकी दूतावासाच्या जाळीविषयी खुलासा

दिल्लीतील अमेरिकी दूतावासाची जाळी सातारच्या पाथरवटांनी दगडात कोरली आणि इमारतीचा आराखडाही भारतीय वास्तुविशारदाचा आहे, असा मजकूर सध्या साताऱ्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. प्रत्यक्षात १९५९ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीचा आराखडा अमेरिकेच्या एडवर्ड ड्युरेल स्टोन यांचा असून, वास्तुकलेच्या इतिहासात तशी स्पष्ट नोंद आहे. जाळीही कोरीव नाही. ती साच्यात ओतलेल्या ठोकळ्यांची आहे आणि छायाचित्र मोठे करून पाहिल्यास प्रत्येक ठोकळा तंतोतंत सारखा दिसतो. जाळीने ऊन अडवण्याची कल्पना भारतीय परंपरेतून घेतलेली आहे, एवढे मात्र खरे. तरी तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.