‘चटका बसला की लेकरू शिकते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. आपल्या आज्यांनी चुलीपाशीच पोरं वाढवली, तेव्हा कुठे होते कठडे? एकदा चटका बसला की लेकरू जन्मभर आगीला भिते. दार लावून शेगडी ठेवा, बाळाला सर्दी होत नाही. धुरानं जंतू मरतात. भाजलंच तर टूथपेस्ट नाहीतर हळद-तूप लावा, दवाखाना कशाला! पाठवणारे आपलेच लोक असतात, मनानं चांगले असतात. पण त्यांच्याच घरात रांगती लेकरं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आज्या. चूल तेव्हाही भाजायचीच. पण घरात एखादी बुढी असायची आणि दिवसभर तिचा एक डोळा लेकरावर असायचा. रांगत्या पोराच्या कमरेला जुनं लुगडं बांधून दुसरं टोक बाजेच्या पायाला अडकवलेलं, झोका चुलीपासून लांबच्या आढ्याला. हा बंदोबस्त नाही तर काय? आता कापूस वेचणीच्या दिवसांत माय सकाळीच स्वयंपाक उरकून वावरात जाते, लेकरू आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि चुलीत सकाळचा विस्तव राखेखाली तसाच. पऱ्हाटी, तुराटी, म्हणजे कापसाच्या-तुरीच्या काड्या, लवकर विझतात. बाभळीचा निखारा मात्र वरून राख दिसली तरी आत तासन्‌तास धगधगत राहतो. आज्यांचा दाखला द्यायचा तर आजीसकट द्या.

आता चटक्याचं शिक्षण. या मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. वेचून-निंदून घट्टे पडलेल्या आपल्या हाताला जे नुसतं गरम लागतं, ते सात-आठ महिन्यांच्या तळहाताला खोलवर भाजतं, कारण त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. शिवाय एवढंसं लेकरू भाजल्यावर हात झटकन मागे घेईलच असं नाही. तोल जाऊन त्याच हातावर भार पडला तर ते उठेपर्यंत उशीर होतो. तळहाताची जखम भरताना कातडी आखडते. हात वाढतो, व्रण तेवढा वाढत नाही, बोटं वाकडी राहतात आणि पुढे शस्त्रक्रियेची पाळी येते. बरं, मानू की लेकरू भ्यायलं. भ्यालेलं लेकरूही ठेचकाळतं, कोंबडीमागे धावतं, मोठ्या भावाचा धक्का खातं.

आणि लहान लेकरं जाळापेक्षा गरम पाण्या-वरणानंच जास्त भाजतात. चुलीच्या वैलावरून उतरवून जमिनीवर ठेवलेला वरणाचा गंज (पातेलं), न्हाणीतली कढत पाण्याची बादली, चहाचं भांडं. 60 अंशांचं पाणी लेकराची कातडी डोळ्याचं पातं लवेपर्यंत भाजतं आणि उकळतं पाणी त्याहून कितीतरी गरम. म्हणून बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. उतरवलेला गंज ओट्यावर किंवा फळीवर, भिंतीकडे सरकवून. लेकरू कडेवर घेऊन पोळ्या शेकायच्या नाहीत, सासूबाई कितीही घाई करोत.

कठडा शहरी थेर आहे म्हणे. बांबू काय शहरातून येतो? बुरडाकडून दाराच्या मापाची ताटी करून घ्या, अडीच फूट उंच. काड्या उभ्या असाव्यात, आडव्यांवर पोर चढतं. दोन काड्यांत तीन बोटांपेक्षा जास्त फट नको. ती स्वयंपाकघराच्या दारात लावायची, चुलीला खेटून नाही. तिथे ती स्वतःच पेट घेईल. घर एकाच खोलीचं असेल तर चुलीपासून तीन फुटांवर विटांचा बुटका कट्टा बांधता येतो. स्वयंपाक झाला की जळतं लाकूड बाहेर ओढून पाण्यानं विझवा, चुलीतल्या राखेवरही पाणी शिंपडा. राख उकिरड्यावर टाकण्याआधीही तेच, कारण पोरं तिथेही खेळतात.

बंद खोलीतल्या शेगडीचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही, कारण बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याचं घमेलं ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि थंडीही खरी आहे. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार-खिडकी बंद असेल तर माय-लेकरू झोपेतच बेशुद्ध होतात, जीवही जातो. सकाळी डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची खूण असू शकते. ती बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. ऊब हवी तर टोपरं, पायमोजे, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही असंच ठेवतात. शेक द्यायचाच तर दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं असताना, आणि झोपण्याआधी घमेलं बाहेर.

धुरानं जंतू मरतात? घरातल्या धुरानं लहान लेकरांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. ओवा-वावडिंगाची धुरीही धूरच.

राहिली टूथपेस्ट. हळद, तूप, शाई, बर्फ यांतलं काहीच लावायचं नाही. भाजल्या जागेवर साधं थंड पाणी सलग 20 मिनिटं. नळ नसेल तर गडव्यानं ओता, खाली टोपलं ठेवून तेच पाणी पुन्हा वापरा. तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बाकीचं अंग मात्र पांघरा, लहान बाळ लगेच गारठतं. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, लेकराच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जखम असेल, किंवा वर्षाच्या आतल्या बाळाला फोड आला असेल, तर पाणी ओतता ओतताच दुसऱ्याला 108 लावायला सांगा.