यूपीआयवर शुल्क लावणार असाल, तर बदल्यात काय देणार?

यूपीआय फुकट ठेवायचं की नाही, हा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. जून 2025 मध्ये मोठ्या रकमांवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, येणार अशी बातमी पसरली. अर्थ मंत्रालयाने ती फेटाळली. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले, की हा खर्च कुणाला तरी उचलावाच लागेल. लंडनहून हे वाचताना एक उणीव जाणवते. टक्केवारीवर भरपूर खल होतो, पण त्या टक्केवारीत गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

इथे लंडनमध्ये दुकानदाराला फुकट काही नाही. छोट्या दुकानाच्या कार्ड मशीनचा दर साधारण दीड ते पावणेदोन टक्के असतो. जानेवारी 2018 पासून हा भार गिऱ्हाइकावर वेगळा लावायला बंदी आहे, त्यामुळे तो किमतीतच मुरतो. आता पावणेदोन टक्के दादर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीला लावून बघा. महिन्याची विक्री तीन लाख धरली, तर 5,250 रुपये गेले. एवढ्या बारीक नफ्याच्या धंद्यात ही रक्कम मालकाच्या घरखर्चातूनच निघणार. जानेवारी 2020 पासूनचा शून्य एमडीआर अशांसाठी योग्यच आहे. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क कधीच नको. सरकारने 2024-25 साठी अशा छोट्या व्यवहारांवर बँकांना 0.15 टक्के प्रोत्साहन म्हणून 1,500 कोटींची तरतूद केली. हा पैसा सत्कारणीच लागतो.

खरी अडचण मोठ्या रकमांची आहे. ब्रिटनमध्ये 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 आहे. 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेता बुडाला किंवा माल दिला नाही, तर कार्ड देणारी कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. नुसता ॲडव्हान्स कार्डावर भरला असला, तरी दावा पूर्ण किमतीचा करता येतो. शुल्काच्या मोबदल्यात ग्राहकाला काहीतरी मिळतं, ते असं.

मुंबईत लग्नाच्या हॉलचा, सोफ्याचा, मॉड्युलर किचनचा ॲडव्हान्स सर्रास यूपीआयने जातो. पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर नियम स्पष्ट आहे: व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दर दिवशी 100 रुपये भरपाई. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवले असतील तर मुदत एकच दिवस. म्हणून व्यवहार लटकला की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. व्यवहाराची ओळख असलेला 12 आकडी यूटीआर नंबर जपून ठेवा आणि ॲपमधूनच तक्रार नोंदवा. पण पैसे नीट पोचले आणि माणूसच फिरला, तर यूपीआयकडे कलम 75 सारखं संरक्षण नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाने तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य असते. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत.

म्हणून माल नंतर मिळणार असेल, तर भारतातही क्रेडिट कार्डच वापरावं. दुकानदार दोन टक्के जास्त मागत असेल, तरी 50,000 च्या ॲडव्हान्सवर ते 1,000 रुपये होतात, आणि वाद झाला तर बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कापलेली रक्कम परत, मागता येतो. त्यासाठी बिल, डिलिव्हरीची ठरलेली तारीख आणि मेसेज लागतात, आणि तक्रारीला उशीर केला तर दावा पडतो. कार्ड घेतच नसतील, तर टोकन थोडं द्या आणि बाकी रक्कम माल दारात आल्यावर. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावरचं नाव वाचा, कारण मूळ स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवणं सोपं असतं. आणि खिशात पाचशेची रोकड असू द्या. 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 ला यूपीआय देशभर अडखळलं, तेव्हा रोख रक्कमच कामी आली.

फसवणुकीच्या बाबतीत ब्रिटनने ऑक्टोबर 2024 पासून केलेला नियम भारताने उचलावा, असं माझं ठाम मत आहे. खोटं बोलून कुणी तुमच्याकडूनच खात्यातून पैसे पाठवून घेतले, तर बँकेने साधारणपणे पाच कामकाजी दिवसांत 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. बँक त्यातून 100 पौंड कापू शकते, आणि ग्राहकाने घोर निष्काळजीपणा केला असेल तर नकारही देऊ शकते. खऱ्या दुकानदाराशी मालावरून झालेलं भांडण यात येत नाही. भरपाईचा अर्धा भार पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेवर पडतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आज 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करेपर्यंत पैसे चार-पाच भाड्याच्या खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. ही खाती कुठल्या ना कुठल्या बँकेने केवायसी करूनच उघडलेली असतात. मोठ्या यूपीआय व्यवहारांवर 0.3 टक्के घ्यायचे असतील तर घ्या, पण त्याच अधिसूचनेत खातं उघडणाऱ्या बँकेचा भरपाईतला वाटाही लिहा.