भाचीच्या गाण्याला तिकीट

शास्त्रीय गाण्याला २०० रुपये तिकीट लावलं की बडोद्यात आपले नातेवाईक एकदम वाढतात. कुणी सासऱ्यांच्या वर्गात असतं, कुणाचा साडू हॉलच्या ट्रस्टवर असतो, आणि सगळ्यांना पास हवा असतो, तोही पुढच्या रांगेतला. आम्ही चार-पाच जणी कलावंत स्त्रियांच्या आयुष्यावर गाण्याचे कार्यक्रम करतो. परवाचा ख्यालगायिका हिराबाई बडोदेकरांवर होता. गाणं माझ्या वाट्याला तुकड्या-तुकड्यांत आलं, कारण मी दारात पावत्या फाडत होते.

तिथे हे काका उगवले. सिल्कचा झब्बा, हातात अर्धा किलो लीलो चेवडो, मागे काकू, आणि त्यांच्यामागे काकांहून वीतभर उंच नातू.

"हिराबाई आपल्या गावच्या ने? मग गावच्या माणसाला तिकीट कसलं?"

म्हटलं, काका, जन्म मिरजेचा. १९०५.

"मग मिरजकर का नाही लावलं?"

मागे रांग खोळंबलेली. तरी मी सांगत बसले. वडील किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. आई ताराबाई माने इथल्या, बडोद्याच्या, राजघराण्याच्या नात्यातल्या. १९२२ मध्ये त्या खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, मुलांची नावं बदलली, चंपाकलीची हिराबाई झाली. काकांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, पाघळले. डोळे उघडून म्हणाले, "म्हणजे आईचं माहेर इथलं. म्हणजे हिराबाई आमची भाची झाली. भाचीच्या गाण्याला मामानं तिकीट काढायचं?"

"मामानं तर आहेर करायचा असतो!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. काकांनी मागे वळून असं पाहिलं, की ओरडणारा थेट बाल्कनीच्या जिन्याला लागला.

मग नातू. "हा मांडीवर बसेल." नातवाला मिसरूड फुटलेलं. त्यानं मोबाईलमधून मान वर काढली, आजोबांच्या मांडीचा अंदाज घेतला आणि मान परत खाली घातली.

"नाश्ता आहे?"

"नाही."

"चा?"

"मध्यंतरात. विकत."

"म्हणजे नुसतं गाणं?"

नुसतं गाणं! ज्या बाईनं तिकीट लावून जाहीर मैफल करायची वाट बायकांना पाडून दिली, तिच्याच नावाच्या कार्यक्रमाला हा प्रश्न. त्याआधी गाणारी बाई म्हटलं की लोकांना दिवाणखाना आठवायचा. हिराबाई खुर्च्या मांडलेल्या थिएटरात, पदर सावरून, शांतपणे ख्याल गायल्या आणि लोकांनी पैसे मोजून ऐकल्या. हातातल्या चेवड्याचे पैसे काकांनी मुकाट्यानं दिलेच असणार ना? फरसाणवाल्याला एकदा 'तू आमचा भाचा' म्हणून बघा म्हणावं.

आणि जे येत नाहीत त्यांचं काय सांगायचं! गायिका केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रित भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून निघाली ती अजून अंतराळात चाललीये. आमच्या अलकापुरीतल्या रसिकांना मात्र विश्वामित्री नदी ओलांडून दांडिया बाजारात येववत नाही. पार्किंग मिळत नाही.

आत वेगळीच तऱ्हा. प्रायोजकाच्या बॅनरशेजारी हिराबाईंचा फोटो पासपोर्ट साईझचा वाटत होता. प्रमुख पाहुणे स्त्रीशक्तीवर इतकं बोलले की स्टेजवर बसलेल्या स्त्रीशक्तीला यमन आवरता घ्यावा लागला. तबलजींनी आपला आकडा आधीच सांगून ठेवला होता आणि तो कुणाला खटकला नाही. गायिकेनं मानधन विचारलं तेव्हा मात्र समितीतल्या एका सद्गृहस्थांना वाटलं, बाई जरा व्यवहारी आहेत. व्यवहारी! हॉलवाला एसीचं वेगळं बिल लावतो तो काय भजनी मंडळ चालवतो?

असो. काकांनी शेवटी दोन तिकिटं काढली. नातू पायरीवर चेवडो फस्त करत बसला. मध्यंतरात काका पुन्हा टेबलापाशी हजर. "आम्ही अर्धंच ऐकलं. १०० परत."

"आणि काकूंचं?"

"ती म्हणते, शेवटपर्यंत बसणार. तिचं राहू दे."

मी एक रुपया दिला नाही. आता काका खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटेल त्याला सांगतात, की या बायकांनी गाण्याचा धंदा मांडलाय. मांडलाय तर मांडलाय. पुढचा कार्यक्रम गायिका मोगूबाई कुर्डीकरांवर आहे. तिकीट २५०. मामांना ३००.