चावऱ्या मुलाला वठणीवर कसं आणावं

अभिनंदन! नर्सरीच्या वर्गावर तुमची नेमणूक झाली. बावीस मुलं, दोन सतरंज्या, एक मावशी आणि कधीकाळी कुणाचा तरी हॉल असलेली खोली. या बावीसांत एक जण चावणारा निघतोच. त्याला वठणीवर आणणं हेच तुमचं खरं काम. रंग, आकार, बडबडगीतं वगैरे उरलेल्या एकवीसांसाठी.

पहिल्याच आठवड्यात त्याला हेरा आणि नाव देऊन टाका. ‘मस्तीखोर’ सगळ्यांत सोयीचं. एकदा चिकटलं की पुढे काही बघावं लागत नाही. सांडलेलं पाणी, हरवलेला खोडरबर, रडणारी मुलगी, सगळ्या चौकश्या त्याच्यापाशीच येऊन संपतात. डब्याच्या सुट्टीत हे नाव ज्युनिअर केजीच्या मिसच्या कानावरही घाला, म्हणजे पुढच्या जूनमध्ये त्यांना नव्यानं मेहनत नको.

वर्ग गप्प ठेवायचा रामबाण उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: हाताची घडी, तोंडावर बोट. आता दोन्ही हातांची घडी घातल्यावर बोट कुठून आणायचं, हा प्रश्न आजवर एकाही मोठ्या माणसाला पडलेला नाही. मुलांना पडतो. ती घडी सोडून बघतात, आणि तिथेच शिस्तभंग होतो. लगेच ओरडा.

गप्प झाली की चार रेघी वही काढायची. स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, पाऊण तास. साडेतीन वर्षांच्या बोटांत अजून तेवढी ताकद नसते, आधी कणकेचा गोळा मळावा, मणी ओवावेत, कागद टरटरा फाडावेत, असं शिकलेली माणसं म्हणतात. म्हणू देत. गोळा मळायला दिला की मुलं अर्धा अर्धा तास मान वर करत नाहीत हे खरं, पण पालकसभेत दाखवणार काय? गोळा?

कुणी तुम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचा दाखला देईल. १९४५ साली बोर्डीत त्यांनी काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. जरा मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांच्यामागे कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. म्हणजे मूल बसत नाही म्हणून शाळेनंच उठायचं! आपल्याला हे परवडणारं नाही. आपली शाळा दुसऱ्या मजल्यावर आहे.

हात उचलू नका. पापपुण्याचा प्रश्न नाही, वर्गात कॅमेरा आहे. कायदा मात्र माहीत असू द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद. पण त्या कायद्यातलं बालक ६ ते १४ वर्षांचं. आपलं गिऱ्हाईक साडेतीनचं. बालक व्हायला त्याला अजून अडीच वर्षं आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकवा असं सांगितलंय. त्याची रंगीत प्रिंट काढून ऑफिसात लावा, ॲडमिशनच्या दिवसांत बरी दिसते.

भीती दाखवायला कुठलाच कॅमेरा आड येत नाही. बागुलबुवा आता चालत नाही, पोलीसकाका आणि डॉक्टरांचं इंजेक्शन चालतं. रोज दोनदा पुरे. पुढे ‘आपले मदतनीस’ या आठवड्यात प्रिन्सिपल मॅडम खऱ्याखुऱ्या हवालदारकाकांना वर्गात बोलावतात, ते चॉकलेटं घेऊन दारात उभे राहतात आणि बावीसच्या बावीस मुलं किंचाळत तुमच्या ओढणीखाली शिरतात, हा भाग वेगळा. बिचारे काका चॉकलेटं टेबलावर ठेवून गेले आमच्याकडे.

स्टारचा तक्ताही लावा. शांत बसेल त्याला स्टार. ज्याच्या नावापुढे तीन आठवडे काही नाही, तो शून्य लवकर शिकतो, हेही गणितच. आणि सुटतेवेळी गेटवर, सगळ्या आयांसमोर, मोठ्यानं विचारा: “आज काय केलं ते सांगू आईला?” त्या माउलीची मान खाली गेली की समजा, घरून मदत सुरू झाली.

एवढं करूनही तो चावेल. आमच्याकडचाच प्रसंग सांगते. सव्वादहाला खेळण्यांची टोपली काढली. लाल ट्रक एकच. त्यानं धरला, एका मुलीनं ओढला. त्याचं तोंड दोनदा उघडलं, शब्द काही बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा उघडलं ते तिच्या दंडावर मिटलं. सहा दातांची गोल खूण. मी रीतसर त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, “काय चुकलं त्याचा विचार कर.” त्यानं खुर्चीची दांडी चावत विचार केला.

तेवढ्यात मावशी मध्ये पडल्या. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. आधी मुलीच्या दंडावर गार पाण्याचा हात फिरवला, मग त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या.

“ट्रक पायजे व्हता व्हय? मग ‘मला दे’ म्हनायचं.”

“मला दे,” तो म्हणाला. पंधरा दिवसांत त्याचे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “रिक्षात ह्यो पयला बसतो, सात वाजता. दूध तसंच ठिवून येतो. मंगळवारी असाच डब्याच्या आधी चावला, गुरवारी बी. ह्याला आधी खायला घाला, मग टोपली काढा.” आणि कमरेला खोचलेल्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. लाडू संपल्यावर त्याला सगळ्यांच्या पुढ्यात वाट्या मांडायला लावलं. बावीस वाट्या त्यानं मांडल्या. ट्रकवालीच्या पुढ्यात दोन.

त्यानंतर आठ दिवस तो कुणाला चावला नाही. आता तुम्हीच सांगा, यात शिस्त कुठे आहे? गुन्हा केला म्हणून लाडू! वर्तन व्यवस्थापनाच्या कार्यशाळेला आम्ही अख्खा शनिवार बसलो होतो, साठ स्लाइडी बघितल्या. एकीतही मुलानं सकाळी काय खाल्लं हे विचारायला सांगितलेलं नव्हतं.

मॅनेजमेंटनं योग्य ती दखल घेतली. सोमवारपासून मावशींची ड्यूटी खाली गेटवर. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि मलम आहे ना बघून घ्या. जास्तीचं लागलं तर रजिस्टर माझ्याकडे आहे, सही करून न्या.