लांबी मोजली, रुंदी राहून गेली

धाकट्या भावाला गाडी घ्यायचीय आणि फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं एकच, घ्यायची तर मोठीच घे, उंचावर बसलं की रस्ता दिसतो आणि कुणी ठोकलं तरी आपल्याला काही होत नाही. मी जपानात सहा वर्षं छोटी केई कार चालवतेय, त्यामुळे मला हे अजिबात पटत नाही.

केई म्हणजे जपानच्या नियमांतला सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग, जास्तीत जास्त ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, २ मीटर उंच, इंजिन ६६० सीसी, याच्या वर एक सेंटीमीटरही चालत नाही. आणि ही काही नाइलाजाने घ्यायची गाडी नाही, इथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एक तृतीयांशाहून जास्त केईच असतात. आमच्या घरामागच्या रस्त्यावर विजेचे खांब अगदी रस्त्यातच आलेत, समोरून गाडी आली की एक जण खांबाच्या अलीकडे थांबतो, दुसरा आरसा मिटून हळूच पुढे सरकतो, जाताना मान हलवतो, झालं. दोन्ही केई असल्या तरच हे जमतं. मागचा दरवाजा सरकता, त्यामुळे भिंतीला चिकटून लावली तरी सासूबाई आरामात उतरतात.

आपल्याकडेही छोट्या गाडीची व्याख्या आहेच की, २००६ पासून ४ मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी, आता सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्यावरच्या गाड्यांना ४०. पण यात मोजली काय तर लांबी, रुंदी-उंचीचं कुणी विचारलंच नाही! मग कंपन्यांनी गाडी आडवी आणि उंच वाढवली. वॅगनआर १.६२ मीटर रुंद आहे, नेक्सॉन १.८० च्या वर, आणि कागदावर दोन्ही छोट्याच. गल्लीत अडकतो आपण रुंदीमुळे, लांबीमुळे नाही.

सेफ्टीचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये, आपल्याकडच्या स्वस्त छोट्या गाड्या क्रॅश टेस्टमध्ये खरंच कमी पडल्यात आणि घरच्यांची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय छोटी गाडी मजबूत बनवणं हा आहे, कारण जड गाडीत आपण वाचतो तेव्हा तो मार समोरचा खातो. पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त. आमच्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे, ती अशा बॉनेटसमोर उभी राहिली तर आतून दिसणारच नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.

भावाला म्हटलंय, बुकिंग करायच्या आधी टेप घेऊन शोरूमला जा, आरसे धरून रुंदी मोज, कारण ब्रोशरमध्ये आरसे धरलेले नसतात, आणि मग रात्री दोन्ही बाजूंना बाइक लागल्यावर आपल्या गल्लीत किती जागा उरते तीही मोज. शनिवारी जातोय तो.